एका टेबलावर दोन कीबोर्ड

चेहऱ्याआधी मी त्याचं कोपर ओळखलं.

दुकानात मांडून ठेवलेल्या कीबोर्डांवर मी एकेक करून बोटं चालवून बघत होते, आणि शेजारून ते आलं — बाही दुमडलेल्या निळ्या शर्टातलं, टोकदार, आगाऊ कोपर! ऑफिस लहान जागेत गेल्यापासून आम्ही दोघं एकाच टेबलावर बसतो. मी पुस्तकांचा मजकूर टाइप करून तपासते, तो हिशेब बघतो, आणि दिवसभर त्याचं कोपर माझ्या कीबोर्डला ढुसण्या देत असतं. घरी ताईला त्याच्याबद्दल सांगताना मी नावसुद्धा घेत नाही. ताईच विचारते, "काय गं, आज कोपर काय म्हणालं?"

"तुम्ही? इथे?" तो म्हणाला.

"का? दुकानात यायला तुमची परवानगी लागते?"

झालं! तोंड उघडलं की माझं हे असं. मनात मात्र... जाऊ दे. मनातलं सांगत बसले तर दुकान बंद व्हायची वेळ येईल.

तो हसला. हसला की त्याचा चष्मा एका बाजूनं जरासा वर जातो, आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघते.

"काका, छोटा, बिनवायरचा मेकॅनिकल कीबोर्ड हवाय," मी दुकानदारांना म्हटलं. "पण फार वाजायला नको."

काकांनी तीन पुढे ठेवले. "हा टकटक वाजतो. टाइप करणाऱ्याला मजा, पण शेजारचा माणूस भांडायला येतो. हा अगदी मऊ. नुसतं बोट टेकलं तरी उमटतं, मग चुका फार होतात. आणि हा मधला. बटण दाबलेलं आपल्या बोटाला कळतं, शेजाऱ्याला नाही."

"शेजारी म्हणजे मी," तो कुजबुजला.

"तुम्हाला विचारलंय का कुणी?" म्हणत मी मधला जवळ ओढला. त्याला आकड्यांचा वेगळा भाग नव्हता, उजवीकडची बटणं एकमेकांना खेटून बसवलेली. मी टेबल मापून आले होते. हा घेतला की माझ्या आणि त्याच्या मध्ये चांगली वीतभर जागा होणार होती.

"काका, मला तो मोठा द्या," तो म्हणाला. "आकडेवाला. वाजला तरी चालेल."

"अहो, तो रणगाडा मावेल का टेबलावर?"

"घरच्या टेबलावर मावेल." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "सोमवारपासून मी घरून काम करतोय... म्हणजे, मॅडमना विचारलंय. आज संध्याकाळी त्या नक्की करतील."

मी हातातला छोटा कीबोर्ड खाली ठेवला.

"का?"

"तुम्हीच म्हणालात ना फोनवर... 'या माणसाला कोपरापासून नमस्कार' म्हणून. मी मागेच उभा होतो."

देवा! ताई चिडवत होती — 'आवडायला लागलाय वाटतं तुला!' — आणि चोराच्या मनात चांदणं, तसं मी आपलं ठोकून दिलं होतं.

"म्हणून निघालात? एका शब्दानं विचारलं नाहीत?"

"विचारायचं काय? मी जवळ सरकलो की तुम्ही खुर्ची सरकवता."

"आणि हा कीबोर्ड मी कशाला घेतेय, ते विचाराल का?"

"कशाला?"

"तुमच्या कोपराला जागा व्हावी म्हणून!" आवाज जरा चढलाच. काका पाठमोरे होऊन वायरींचा गुंता सोडवायला लागले. "माझा जुना चांगला धडधाकट आहे. पण तुम्ही दिवसभर अंग चोरून बसता... मला बघवत नाही ते."

त्याचे कान लाल झाले. मोठ्या कीबोर्डचा खोका त्यानं हळूच मागे सरकवला.

"काका, हा छोटा माझ्या फोनला जोडून देता? जरा टाइप करून बघतो. मॅडमना आत्ताच कळवलेलं बरं."

काकांनी जोडून दिला. त्यानं टाइप केलं — 'मॅडम, माझी घरून कामाची विनंती रद्द करा, कारण' — आणि थांबला.

"कारण काय लिहू? त्या विचारणारच."

"द्या इकडे." बोटं कशी भराभर चालली! मी लिहिलं, 'शेजारी बसते तिला मी आवडतो, आणि मी गेलो तर तिला करमणार नाही.'

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. "खरंच?" आवाज इतका हळू, की मला ओठांवरूनच कळलं.

"खोटं कशाला लिहीन? बरं, वाचलंत ना? आता पुसते हं..."

जुन्या सवयीनं करंगळी गेली, ती पुसायच्या बटणाऐवजी थेट एन्टरवर.

"अगं बाई!"

"गेला?"

"गेला!"

दोघांची डोकी फोनवर. मॅडम काहीतरी लिहीत होत्या... थांबल्या... पुन्हा लिहायला लागल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मग उत्तर आलं.

'मंजूर. सुटले एकदाची! आता एकमेकांची गाऱ्हाणी घेऊन दोघांपैकी कुणीही माझ्या केबिनमध्ये यायचं नाही.'

"एकमेकांची?" मी वळले. "तुम्ही माझं काय गाऱ्हाणं केलं होतं?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्यांनी विचारलं, घरून काम कशाला हवंय? मी म्हटलं, ती शेजारी असली की माझ्या बेरजा चुकतात."

मला हसू आलं, आणि कसं कोण जाणे, डोळेही भरले. "मग? सोमवारपासून पुन्हा चुकणार त्या."

"चुकू देत. तू तपासून देशील ना?"

मला आकड्यांतलं ओ की ठो कळत नाही, हे काही मी त्याला सांगितलं नाही. "देईन," म्हटलं.