कोयत्याखालचा माणूस

कोयता पोत्यात गुंडाळल्याशिवाय कंडक्टरनं मला एसटीत चढू दिलं नाही. मी म्हटलं, "बाबा, कालेजला चाललाय त्यो, मारामारीला न्हाय." अख्खी गाडी हसली. ढोकीहून धाराशिवला मी दर मंगळवारी जाते. तिथल्या चित्रकलेच्या कॉलेजात मी मॉडेल आहे. हसू नका. पोरं माझं चित्र काढतात आणि मी हलत नाही, एवढंच काम. जन्मभर ऊस तोडलेल्या बाईला न हलणं किती जड जातं, ते माझं मला ठाऊक. पण माझी लेक शिवांजली त्याच वर्गात शिकते. तिनं माझा खरबरीत हात कागदावर काढला की मलाही तो बरा वाटतो.

त्या मंगळवारी गुरुप्रसाद सरांना ऊस तोडतानाची पोझ हवी होती. "सारजाबाई, तुमचाच कोयता आणा," म्हणाले. हंगाम चालू, घरातले सगळे कोयते भावाच्या टोळीबरोबर फडात. राहिला होता एकच, माळ्यावर, सात वर्षं फडक्यात बांधलेला. तोच उचलला. चूक झाली ती तिथंच.

सरांनी माझ्या पावलांभोवती खडूनं रेघ मारली, म्हणजे विश्रांतीनंतर पाय परत तिथंच पडावेत. मी लाकडी चौथऱ्यावर वाकले, कोयता उगारला. हात अवघडू नये म्हणून वरून सोडलेल्या दोरीत मनगट अडकवलं. बारा जण माझ्याभोवती गोल करून बसले, शिवांजली समोर. मग वीस मिनिटं नुसती कोळशाची खरखर.

कोयत्याखाली रिकामी फळी होती. मी तिच्याकडंच बघत होते आणि मला व्यंकट आठवत होता.

व्यंकट माझा नवरा, शिवांजलीचे अण्णा. मारायचा, ते मी सोसलं. पण शिवांजली तेरा वर्षांची असताना त्यानं तिचं लग्न टोळीतल्या तिशीच्या गड्याशी ठरवलं. मी पाया पडले, तर लाथ घालून माझा दात पाडला. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना तो पिऊन फडात उसाच्या वाळल्या पाचटावर झोपला होता, नुसत्या चौकड्यांच्या लुंगीवर. मी ह्याच कोयत्यानं मानेवर दोन घाव घातले. दुसरा हाडात अडकला. कोयता उपसायला मला त्याच्या छातीवर पाय द्यावा लागला. मग ओढ्याकडं पळाले, हात धुतले. परत येते तर फड पेटलेला. कुणाच्या तरी विडीनं पाचट पेटलं आणि त्यात दारुडा जळाला, असं टोळी म्हणाली. देवीनंच पांघरूण घातलं, असं मी समजले. लेकीलाही विडीचंच सांगितलं. आपल्या आईनं बापाला मारलं हे तिला कधी कळू नये, एवढंच मला हवं होतं.

विश्रांतीत मी खाली उतरले आणि कागद बघितले. प्रत्येक कागदावर माझ्या कोयत्याखाली एक माणूस झोपला होता. पायांकडं बसलेल्यांनी त्याचे तळवे काढले होते, बाजूच्यांनी कान. लुंगीच्या चौकड्यासुद्धा.

"दिसतंय तेवढंच काढा म्हटलं होतं ना!" सर खवळले.

"सर, दिसतंय तेच काढलंय..." आरोही नावाची पोर पुटपुटली.

शिवांजलीनं आपला कागद उपडा धरला होता. मी तिच्याजवळ गेले. "मला बरं वाटंना. चल घरी."

"उभी ऱ्हा, आई. अर्धं ऱ्हायलंय."

तिनं सांगितलं म्हणून मी परत खडूच्या रेघेत पाय ठेवले. दिवस कलला होता. आधी जळक्या पाचटाचा वास आला. मग पोटरीवर श्वास लागला. गरम. दारूचा.

शिवांजली कागदावरून नजर न काढता बोलली, "आई... हलू नको... अण्णा जागे झालेत."

माझ्या घोट्याला हाताचा विळखा पडला.

दोरी तुटली की मी तोडली, आठवत नाही. मी कोयता घातला. घालतच राहिले. ढलप्या उडाल्या. एक सरांच्या भुवईत घुसली, त्यांचं तोंड रक्तानं भरलं. पोरं किंचाळत दाराकडं पळाली. काही घाव लाकडात बसत होते. काही लाकडात बसत नव्हते. ऊस तोडणाऱ्या हाताला तो फरक कळतो.

थांबले तेव्हा वर्गात फक्त शिवांजली होती, जागेवर बसलेली. चौथऱ्यावर नुसता चुरा. पायाशी आरोहीचा कागद पडला होता. मी उचलला. त्यात शिवांजलीच्या जागी उसाच्या आडून एक पोर बघत होती. दोन वेण्या, फ्रॉक, हातात काडेपेटी.

"हे काय गं?"

"तू वढ्याकडं पळालीस, तवा ते उठत हुते, आई. मान एका अंगाला लोंबत हुती. म्या पाचट पेटवलं."

मी तिला छातीशी धरलं आणि ओक्साबोक्शी रडले. तेरा वर्षांच्या जिवानं हे एकटीनं केलं, आणि मी तिला विडीची गोष्ट सांगत राहिले.

"आता संपलं गं, बाय. तुकडं केलं म्या त्याचं."

तिनं माझ्या खांद्यावरून चौथऱ्याकडं बघितलं. तिचं अंग ताठ झालं.

"तवाबी तुला आसंच वाटलं हुतं... आन् ह्या खेपेला माझ्यापाशी काडेपेटी न्हाय."

मी मागं वळले नाही. कागद अजून माझ्या हातात होता. मघाशी त्यातला माणूस आडवा पडलेला होता. आता त्यानं एक कोपर फळीला टेकवलं होतं.