ग-बारा, दोनदा

"या खोळी तुम्हीच शिवल्यात ना?"

दारातल्या माणसाच्या हातात खुर्चीच्या दोन लाल खोळी होत्या. ती मशीनवर बसली होती. पाय पायडलवर, हाताखाली कापड, आणि मशीनला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर सिनेमा. चार दिवस झाले तरी अर्धाच झालेला.

"शिवल्यात. उसवल्या का?"

"उसवल्या असत्या तर परवडलं असतं. नंबर वाचा."

तिने वाचले. एकीवर ग-१२. दुसरीवर... ग-१२.

"तेरा नंबर थिएटरातून गायब आहे, बाई. काल एक गृहस्थ तिकीट हातात धरून अंधारात नुसते बारा-बारा करत फिरत होते. शेवटी पायरीवर बसून सिनेमा बघितला त्यांनी. मॅनेजरने आता दोन्ही खुर्च्यांचं बुकिंग बंद ठेवलंय."

आतल्या खाटेवरून आईचा आवाज आला, "भरतकाम करताना सिनेमा बघते ती! माझ्या ब्लाउजला एकदा तीन बाह्या लावल्या होत्या!"

"आई!"

तो हसला. हसला की त्याचा एक गाल आत जायचा, दुसरा नाही. ती नको तितका वेळ त्याच गालाकडे बघत राहिली.

तो थिएटरातला ऑपरेटर. वरच्या केबिनमधून सिनेमा लावणारा. आणि त्या पेशातल्या माणसाला शोभेल असा हट्टी. मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाला, "याला सिनेमा बघणं म्हणत नाहीत. नवा सिनेमा थिएटरातच बघायचा असतो. तो आपल्यासाठी थांबत नाही, हेच तर त्याचं सुख."

तिचं डोकं सटकलं.

"ऑपरेटरसाहेब, आत येऊन बघा. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलंय, पाच महिने झाले. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. तुमचा सिनेमा केवढा? पावणेतीन तास. मध्ये कोण कूस बदलणार, तुमचा हीरो? माझा भाऊ फोनवर म्हणतो, 'तू तर घरीच असतेस.' घरी असणं म्हणजे काही न करणं, असं त्याला कुणी शिकवलं कोण जाणे! थिएटरातच बघावा, म्हणे. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही, त्यांनीच काढलेली तत्त्वं आहेत ही!"

त्याने खोळींची घडी घातली. पुरुषाने असं सगळं ऐकून घेतलं की तिला संशय यायचा, आता उपदेश येणार. उपदेश आला नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं," आणि निघून गेला. खोळी घेऊन. नंबर न बदलताच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा हजर.

"काल विसरलो."

तिने टाके उसवायला कात्री हातात घेतली. पाच मिनिटांचं काम. पण तेवढ्यात आईला पाणी हवं झालं, मग गप्पा निघाल्या, मग त्याच्या खेळाची वेळ झाली. तो खोळी काखेत मारून पळाला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही.

"हा माणूस रोज तीच खोळ आणतो आणि तीच परत नेतो," आई म्हणाली. "मी पडलेय, आंधळी नाही झालेय."

ती मशीनमध्ये तेल घालत राहिली. मशीनला तेलाची काहीच गरज नव्हती.

एकदा तिने विचारलं, "तुम्हाला काय, रोज फुकट सिनेमा. कुठल्या रांगेतून छान दिसतो?"

तो उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "खरं सांगू? आठ वर्षांत मी एकदाही खुर्चीत बसलो नाही. केबिनला वीतभर काच आहे. तिच्यातून बघतो. मशीनच्या पंख्याची घरघर चालू असते, आणि आतला स्पीकर तर दोन महिने मेलेलाच आहे."

"म्हणजे मुका सिनेमा?"

"मुकाच."

"आणि मला तत्त्वं शिकवत होतात!"

"सुट्टी मंगळवारची. पण एकट्याने जाऊन बसायचं कुणाशेजारी?"

तिची नजर मशीनला टेकवलेल्या मोबाइलकडे गेली. त्याची वीतभर काच, तिची त्याहून लहान. दोघंही अर्धवटच बघणारे... तिला एकदम त्याचा राग येईनासा झाला, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. राग होता तोवर सोपं होतं.

शुक्रवारी नवा सिनेमा लागला. शनिवारी तो आला तो विचारातच.

"शेवटी ना, ती दारात उभी असते. तो पायऱ्या उतरून निघालेला. ती त्याला काहीतरी म्हणते. दोन-तीनच शब्द. तो थांबतो, वळतो, आणि अख्खं थिएटर रडतं. मला वरून नुसते हलणारे ओठ दिसतात. काय म्हणत असेल?"

"खाली येऊन ऐका की."

"तेव्हाच दिवे लावायचे असतात. हात बटनावर." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही ऐकून याल? मंगळवारी. मी बसतो आईंजवळ."

"तुमचा सुट्टीचा दिवस आहे तो."

"म्हणूनच."

तिने नाही म्हणायला तोंड उघडलं. आतून आई ओरडली, "ती जाणार आहे!"

मग तिने त्याला कूस बदलायला शिकवलं. अंगाखालची आडवी चादर दोघांनी दोन बाजूंनी धरायची, वळकटी करायची, आणि माणसाला न ओढता चादर ओढायची. ती एका बाजूला, तो दुसऱ्या.

"हळू... तागा नाहीये तो, आई आहे."

"एकट्याने कसं करता तुम्ही हे?"

"सवयीने."

चादरीच्या कडेवर त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. ना त्याने काढली, ना तिने.

"झालं की नाही?" आई म्हणाली. "का मला अशीच तिरकी ठेवणार आहात?"

मंगळवारी तीनच्या खेळाला ती ग-बारामध्ये बसली. शेजारीही ग-बारा. रिकामी. दिवे मालवले, पडदा उजळला, आणि तिच्या लक्षात आलं की पाच महिन्यांत पहिल्यांदा तिचे हात रिकामे आहेत. त्यांचं काय करावं तिला कळेना. एक मांडीवर ठेवला. दुसरा शेजारच्या खुर्चीच्या हातावर जाऊन पडला, आपोआप.

सिनेमा थांबला नाही. तो म्हणाला होता ते खरं होतं, त्यात सुख होतं. आणि एक दुखणंही होतं. हसू आलं की ती शेजारी बघायची. दरवेळी.

शेवटी नायिका दारात उभी राहिली. नायक पायऱ्या उतरू लागला. तिने कान टवकारले. नायिकेचे ओठ हलले...

घरी आली तेव्हा तो आईला पेपर वाचून दाखवत होता. साडेचारला कूस बदललेली होती. चादरीला एक चुणी नव्हती.

"काय म्हणते?" तो उठूनच उभा राहिला.

तिने पिशवी खुंटीला लावली. पाठमोरीच राहिली.

"म्हणते... 'माझ्या शेजारची जागा मी कुणाला दिलेली नाही. तू येऊन बस.'"

त्याने पेपरची घडी घातली.

"एवढं म्हणते?" तो हळूच म्हणाला. "ओठ तर फार थोडे हलतात."

"भरभर बोलते ती."

तो गेला. बुधवार ते सोमवार आलाच नाही. खोळी नाहीत, निमित्त नाही, काही नाही. तिने तीन परकर शिवले आणि तीनही उसवले. आपलीच जीभ, आपलाच गळा! कुणी सांगितलं होतं सिनेमाच्या तोंडी आपली वाक्यं घालायला? सोमवारी शेजारणीने निरोप आणला: बदली ऑपरेटर आजारी, म्हणून हा आठवडाभर सकाळपासून रात्रीपर्यंत केबिनमध्येच अडकलाय, पण मंगळवारी सुट्टी मिळालीय आणि तो तीनच्या खेळाला जाणार आहे. ग-बारात बसणार म्हणे.

मंगळवारी मोबाइल बंद होता. ती नुसती घड्याळ बघत होती. साडेचारला आईची कूस बदलली, एकटीनेच. चादर आज जड लागली.

"मध्यंतर झालं असेल," आई म्हणाली.

"कशाचं?"

"माझ्या लग्नाचं! कशाचं विचारते."

पाच चाळीस. आता नायिका दारात आली असेल. आता नायक पायऱ्या उतरत असेल. आता... तिने डोळे मिटून घेतले. आता ग-बारात बसून त्याने ऐकलं.

थिएटर ते घर दहा मिनिटांचा रस्ता. पाऊणपट वेळात पावलं वाजली. तो दारात, धापा टाकत. एक गाल आत गेलेला.

"ती तर म्हणते, 'दार लावून घे'!"

"हं."

"अख्खं थिएटर रडत होतं आणि मी मोठ्याने हसलो! पुढच्या बाईने वळून मला शिवी दिली. दार लावून घे! मग ते दुसरं कुणी म्हटलं होतं?"

ती उठून उभी राहिली. हातात धागा होता, तो तिने बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"ते माझं होतं."

तो हसायचा थांबला. फार हळू म्हणाला, "शेजारची खुर्ची आजही रिकामीच होती. मी सारखा तिच्याकडेच बघत होतो. दोघांनी एकदम जायचं तर इथे कोण बसणार, याला माझ्याकडे अजून उत्तर नाही."

"माझ्याकडेही नाही."

"तोवर एक मंगळवार तुझा, एक माझा. आणि तो नंबर बदलू नकोस."

'तू' म्हणाला होता तो. तिने ऐकलं. पडद्यावरच्या कुठल्याही बाईला इतकं स्वच्छ ऐकू आलं नसेल.

"अरे, तिने सांगितलं ना," खाटेवरून आई म्हणाली, "मग दार लावून घे. आत येऊन लाव. वारा येतोय."