अडकित्ता बेट कुणाचं?

जपानमधल्या ओजिमा स्टेशनच्या जिन्यावरच अनुराधाला शेजारच्या नुपूरचा फोन आला.

"ताई, माझं बेट चोरलं!"

नकाशा कंपनीत गावांची, डोंगरांची नावं तपासण्यात अनुराधाची बारा वर्षं गेली होती, पण चोरीला गेलेलं बेट पहिलंच. ती तडक नुपूरच्या विद्यापीठात पोचली.

उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटाचं टोक गेल्या उन्हाळ्यात सुटं झालं होतं. मधली हिमनदी वितळून तिथे पाणी आलं होतं. उपग्रहाच्या चित्रात ते पहिल्यांदा नुपूरने पाहिलं, फक्त विभागप्रमुखांना दाखवलं आणि आकारावरून नाव ठेवलं, अडकित्ता. तिचा प्रबंध त्यावरच उभा होता. आज मात्र प्रिंटरवर तिला दुसराच अर्ज सापडला, 'मोरेश्वर बेट' नावाचा. दुपारी तो नावं ठरवणाऱ्या समितीकडे जाणार होता. सोबत पेन्सिलचा नकाशा, तारीख ऑगस्ट २०१७, खाली विभागाचे जुने प्राध्यापक मोरेश्वर सर यांची सही.

"सर तेव्हा जहाजाने तिथे गेले होते. पहिला मान त्यांचाच," मधाळ हसत विभागप्रमुख प्रसन्न म्हणाले. "नुपूर, मनाला लावून घेऊ नकोस."

बोलताबोलता ते नुपूरच्याच डब्यातली शंकरपाळी खात होते. अनुराधाला शिसारी आली.

तिने नकाशा पाहिला. सुबक होता. टोक आणि मोठं बेट यांच्यामध्ये पाण्याच्या लाटासुद्धा काढल्या होत्या.

म्हातारे मोरेश्वर सर खिडकीपाशी बसले होते.

"सर, जहाजावरून काय दिसलं होतं?"

"बर्फ. या काठापासून त्या काठापर्यंत."

"मध्ये पाणी?"

"थेंबभरही नाही."

"मग ही सही?"

"प्रसन्नने कोऱ्या कागदावर घेतली. म्हणाला, सत्काराच्या स्मरणिकेत छापायचीय."

अनुराधा प्रसन्नकडे वळली.

"नकाशा अचूक काढायला गेलात आणि तिथेच फसलात. २०१७ मध्ये नसलेलं पाणी या कागदावर आलं कुठून? नुपूरच्या चित्रातून. ते तिने फक्त तुम्हाला दाखवलं होतं. तुम्हाला प्राध्यापकपदासाठी सरांची शिफारस हवी, नुपूर सांगत होती. म्हणून पोरीचं बेट उचललंत आणि सरांना नैवेद्य दाखवलात!"

"अहो, ओसाड बर्फ तो! नावाने कुणाचं काय बिघडतं?"

"मग स्वतः शोधून द्यायचं होतंत."

जपानमध्ये प्रत्येक कचऱ्याला वेगळी पिशवी असते. या माणसाला कशात टाकावं, ते अनुराधाला कळेना.

मोरेश्वर सर उठले. अर्जावरचं स्वतःचं नाव खोडून त्यांनी 'अडकित्ता' लिहिलं आणि पेन नुपूरला दिलं.

"शोधणाऱ्याची सही कर, बाळ. आणि प्रसन्न, तुझं शिफारसपत्र माझ्या बॅगेत आहे. ते तिथेच राहील."

नुपूरने सही केली. मग प्रसन्नपुढचा शंकरपाळ्यांचा डबा झाकण लावून उचलून घेतला.