डाव्या हाताची तर्जनी

मिरजेत आता कुणी वय विचारलं, तर माणसं दोन आकडे सांगत. एक कागदावरचं, एक पेशींचं. मौलासाहेब सतारमेकर कागदावर चौऱ्याहत्तरचे होते. पेशीवाचक यंत्राने त्यांना एक्क्याण्णव ठरवलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी अब्बांपेक्षाही थोरला झालो. ते ऐंशीतच गेले."

डॉक्टर वृंदा कुंभोजकरला हसू आलं नाही. जिना चढताना मौलासाहेबांना धाप लागे, हे खरं, पण एक्क्याण्णव? नियमाप्रमाणे ऐंशीच्या वर आकडा गेला की औषध द्यायचं. शरीरातल्या काही पेशी वाढायच्या थांबतात, पण मरत नाहीत. बसल्या जागेवरून शेजारणींना छळत राहतात. या थांबलेल्या पेशी औषधाने झाडून निघत. धापही कमी होई.

औषधाची सुई टोचण्याआधी तिने त्यांच्या दंडाच्या कातडीचा नमुना घेतला. आकडा आला बहात्तर.

तिने आधीच्या बोटाच्या आणि आताच्या दंडाच्या, अशा दोन्ही नमुन्यांचे नकाशे शेजारी मांडले. कोणती जनुकं जागी आहेत आणि कोणती निजलेली, हे त्यांत दिसे. म्हातारी पेशी आणि थांबलेली पेशी पुष्कळशी सारखीच. मात्र जनुकांचा एक लहान गट म्हाताऱ्या पेशीत मंदावतो आणि थांबलेल्या पेशीत पेटून उठतो. दंडात तो मंद होता, बोटात पेटलेला. यंत्र सगळ्यांची सरसकट बेरीज करी, म्हणून थांबलेल्या पेशीही म्हातारपणात मोजल्या जात.

कुठलं बोट दिलं होतं, असं तिने मौलासाहेबांना विचारलं. त्यांनी डावी तर्जनी पुढे केली. टोकावरच्या जाड कातडीत काळी खाच होती. सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचं हाड घासायचं, तार दाबून ऐकायचं, पुन्हा घासायचं; साठ वर्षांचा तो घट्टा.

"इथं टोचलेलं कळत नाही," ते म्हणाले. "आमच्या गल्लीत सगळे हेच बोट देतात."

वृंदाने गल्लीच्या जुन्या नोंदी काढल्या. त्या गल्लीतल्या सहा जणांना तिने औषध दिलं होतं. गेल्या महिन्यात त्यांतले रसूलभाई चिरलेलं बोट घेऊन आले, तेव्हा मलम देऊन तिने त्यांना परत पाठवलं होतं. रोजच्या जखमेवर थांबलेल्या पेशीच पहारा देत होत्या, आणि छळणारी कोण आणि पहारेकरी कोण, हे औषधाला कळत नव्हतं.

तिने काही न लपवता मौलासाहेबांना सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. बहात्तरला औषध घ्यायलाच हवं असं नाही; पण फुप्फुसातही अशा पेशी असणार, औषधाने धाप नक्की कमी होईल. घट्टा मात्र जाईल, आणि पुन्हा धरेल की नाही, सांगता येत नाही.

मौलासाहेबांनी अंगठ्याने ती खाच चाचपली. "रसूल म्हणाला होता, तार आता बोलत नाही, नुसती चावते. मी त्याला कामचुकार म्हटलं."

वृंदाने सुई ट्रेमध्ये ठेवली. "आधी त्यांच्याकडे जाऊ या. मी येते."

दवाखान्याचा जिना उतरतानाही मौलासाहेब मधल्या वळणावर थांबले. कठड्याला धरून त्यांनी श्वास जुळवला.

"माझं दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे, डॉक्टरबाई," ते म्हणाले. "दम परत आला आणि बोट गेलं, तर वर जाऊन मी करू काय?"