जुन्या थांब्यावरच्या बाई

ही घडलेली गोष्ट आहे. ज्या दोघींच्या बाबतीत घडली, त्या दोघीही हयात आहेत. कधीही विचारा, दोघी सारखंच सांगतात.

फक्त एकीला त्यात वावगं काहीच वाटत नाही.

खरी भीती त्याचीच वाटते.

साल दोन हजार आठ. नोव्हेंबरमधला एक शनिवार. रात्र नव्हती, भरदुपार होती, आणि ऊन चांगलं पडलं होतं.

जागा जपानमधली. तोक्योपासून दूर, शेतांच्या मधोमध एक लहानसा विमानतळ आहे. त्याचं नाव इथे मुद्दामच देत नाही. त्या वर्षी त्याची धावपट्टी लांबवायचं काम चाललं होतं. नवीन टर्मिनल उभं राहत होतं. विमानतळ वाढतोय म्हटल्यावर शेजारच्या रेल्वेलाही जाग आली होती. एरवी एका डब्याची डिझेल गाडी रमतगमत जायची तो मार्ग, पण आता त्यावर खडीच्या मालगाड्या धावत होत्या. टर्मिनलच्या दाराशी नवं स्टेशन झालं होतं. धावपट्टीच्या आड येणारा एक जुना थांबा मात्र उखडून टाकला होता.

नयना देवस्थळी मूळची पुण्याची. तोक्योत तोयोसु भागातल्या एका आयटी कंपनीत नोकरी, तिथेच जवळ ओजिमाला घर. टर्मिनलमध्ये सामानाचे पट्टे चालवणारं सॉफ्टवेअर तिची टीम करत होती. त्यामुळे आठवड्याचे चार दिवस ती त्या गावातल्या हॉटेलात राहायची आणि त्या एका डब्याच्या गाडीने साइटवर जायची.

गाडीत पहिल्या दिवसापासून तिला एक गोष्ट खटकली होती.

जुना थांबा होता तिथे आता गाडी नुसतीच उभी राहायची, समोरून येणाऱ्या मालगाडीला वाट द्यायला. दारं उघडायची नाहीत. बाहेर प्लॅटफॉर्मच नव्हता, दारं उघडणार कशाला?

पण दार उघडताना वाजते ती घंटा...

ती वाजायची.

आणि मग वास यायचा.

आधी आंबूस. मुळ्याचं पिवळं लोणचं घालतात तिकडे, कोंड्यात मुरवून, तसा. मग त्याच्या खालून दुसराच वास वर यायचा. गोडसर, चिकट, घशात बसणारा. उंदीर मरून कपाटामागे राहिला की येतो तसा, पण कितीतरी पटीने मोठा.

डब्यातले लोक काही बोलायचे नाहीत. कुणी नाकाला रुमाल लावायचं नाही. सगळे आपापली पिशवी उचलायचे आणि शांतपणे डब्याच्या पुढच्या अर्ध्या भागात जाऊन बसायचे. मागचा भाग रिकामा. गाडी सुटली की सगळे खिडकीबाहेर बघत राहायचे.

पहिल्या आठवड्यात नयनाने शेजारच्या बाईला विचारलं, "हा वास कसला येतो?"

"वास?" ती बाई हसून म्हणाली. "छे, मला नाही आला."

म्हणताना तिने श्वास रोखून धरला होता. नयनाला ते स्पष्ट दिसलं.

पुढच्या आठवड्यापासून नयनाही मुकाट्याने पुढे सरकायला लागली. तिनेही तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या शनिवारी टर्मिनल बघायला गावकऱ्यांना आणि कामावरच्या लोकांच्या घरच्यांना बोलावलं होतं. नयनाचा नवरा शशांक कामासाठी ओसाकाला होता. सासूबाई, पद्मिनीबाई, पुण्याहून महिन्यासाठी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकटी घरात बसून काय करू? चल, तुझं काम तरी बघते."

पद्मिनीबाई बोलक्या. ओजिमाच्या इमारतीत जपानी आज्यांशीही त्या बिनदिक्कत मराठीत बोलायच्या आणि कसं कोण जाणे, दोन्हीकडून गप्पा रंगायच्या. सासू-सुनेचं चांगलं जमायचं. दोघी एका ताटातलं खायच्या.

गाडीत पद्मिनीबाई मागच्या बाजूला खिडकीशी बसल्या. शेतं बघत होत्या. जुना थांबा आला. गाडी उभी राहिली.

घंटा वाजली...

वास आला.

लोक उठले. नयनाही सवयीने उठली, पुढे गेली आणि मागे वळून म्हणाली, "आई, इकडे पुढे या."

"थांब गं," पद्मिनीबाई म्हणाल्या. "या काहीतरी सांगताहेत."

त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती.

रिकामी, पण... ओली. निळ्या सीटच्या कापडावर एक काळपट डाग हळूहळू पसरत होता. कुणी बसल्यावर पडावा तसा.

पद्मिनीबाई त्या रिकाम्या जागेकडे वळून मान डोलवत होत्या. "हो का? अरेरे," असं मधूनमधून म्हणत होत्या. मग प्रसादाला पुढे करावा तसा त्यांनी उजवा हात पुढे केला.

पंजा मिटला. हात तोंडाशी गेला.

आणि डब्याच्या या टोकाला नयनाला स्पष्ट आवाज आला...

कचर. कचर. कचर.

बाहेरून खडीची मालगाडी धडधडत गेली, तरी तो चावण्याचा आवाज त्यात बुडाला नाही. पद्मिनीबाईंच्या ओठाच्या कोपऱ्यातून पिवळा, तार सुटलेला रस हनुवटीवर आला. त्यांनी तो बोटाने पुसला आणि बोट चाटलं.

नयनाने आजूबाजूला पाहिलं. डबा अर्धा भरलेला होता. एकूण एक माणूस खिडकीबाहेर बघत होता.

टर्मिनलवर उतरताच तिने स्वच्छतागृह गाठलं आणि पोटातलं सगळं बाहेर पडेपर्यंत ओकली. बाहेर आली तर पद्मिनीबाई नव्याकोऱ्या बाकावर निवांत बसल्या होत्या.

"आई, गाडीत तुम्ही काय खाल्लंत?"

"त्या बाईंनी दिलं की लोणचं. चांगलं मुरलेलं होतं."

"कुठल्या बाई?"

"माझ्या शेजारच्या. तू बघितलं नाहीस? बिचाऱ्या एकट्याच राहतात. कुणी फिरकत नाही म्हणाल्या."

"आई, तुम्हाला जपानी कुठे येतं?"

पद्मिनीबाई थोड्या गोंधळल्या. "मराठीत नव्हत्या बोलत, ते खरं," त्या म्हणाल्या. "पण मला कळत होतं गं."

त्यांच्या तोंडाला तोच वास होता. आंबूस, आणि त्याखालचा दुसरा. घरी येऊन त्यांनी दात घासले, गरम पाण्याने चुळा भरल्या, लवंग चघळली. वास गेला नाही. त्या रात्री नयनाने त्यांची कपबशी वेगळी घासली, आणि घासताना तिला स्वतःचीच किळस आली. पण हात थांबेना.

सोमवारी तिने साइटवरच्या ओकुमुरा-सानना, म्हणजे ओकुमुरा साहेबांना, गाठलं. ते कामाचे व्यवस्थापक, विमानतळाबद्दल भरभरून बोलणारे. जेवणाची सुट्टी होती. नयनाने विचारलं, "जुन्या थांब्यापाशी कुणी राहत होतं का?"

"हो, एक म्हाताऱ्या बाई होत्या," ते म्हणाले. "रुळांना लागूनच घर. मुळ्याचं लोणचं करून गाडीतल्या लोकांना विकायच्या. बाकी सगळ्यांनी जागा दिल्या, यांनी नाही दिली. मग थांबा बंद झाला. गाडीची दारं उघडेनात, म्हणजे लोणचं घ्यायला कुणी उतरेना."

"मग?"

"गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात वास यायला लागला. आम्हाला वाटलं, लोणच्याचं पिंप नासलं असेल. फारच यायचा हो. शेवटी ऑफिसच्या खिडक्या बंद केल्या आणि एसी लावला." त्यांनी डब्यातला भाताचा घास उचलला. "पानगळ सुरू झाली तेव्हा मोजणीवाले आत गेले. तेव्हा कळलं."

"सगळा उन्हाळा? तुम्ही तर पंचवीस-तीस पावलांवर होतात. कुणी दारसुद्धा वाजवलं नाही?"

ओकुमुरा-सानना प्रश्नच नीट समजला नाही असं वाटलं. ते विचार करून म्हणाले, "दार वाजवायचं काम कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं."

आणि त्यांनी घास खाल्ला.

"वारस नव्हता," ते चावता चावता म्हणाले. "त्यामुळे पुढे फार अडचण आली नाही. धावपट्टी वेळेत होतेय."

नयनाने आपल्या डब्याचं झाकण लावून टाकलं. या वेळी कसलाही वास आला नव्हता.

त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही. टॅक्सीने जायची. डिसेंबरात पद्मिनीबाई पुण्याला परतल्या. तोक्योच्या विमानतळावर निरोप देताना त्यांनी नयनाला जवळ घेतलं, तेव्हा तिने श्वास रोखून धरला. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे.

पुण्यात त्यांची तब्येत ठणठणीत होती. जेवण व्यवस्थित, झोप व्यवस्थित. शेजारचे लोक मात्र हल्ली घरी येत नाहीत, अशी बारीकशी तक्रार असायची. शशांक म्हणायचा, "आई एकटी पडलीय, तू रोज फोन करत जा."

मार्चमध्ये एका दुपारी पद्मिनीबाईंचाच फोन आला. नेहमीची चौकशी झाली. मग त्या म्हणाल्या,

"नयना, एक काम करशील? तुमच्या त्या साइटवर कुणाला तरी विचार... गाडीतल्या त्या बाईंचं नाव काय होतं?"

"का हो, आई?"

"अगं, रोज दुपारी येऊन बसतात. आणि मी आपली नुसतं 'अहो, अहो' म्हणते. बरं नाही दिसत ते."

नयनाने दुसऱ्या दिवशी ओकुमुरा-सानना फोन केला. त्यांना नाव माहीत नव्हतं. त्यांनी ऑफिसात सगळ्यांना विचारलं. स्टेशनवरही विचारून घेतलं. सगळे त्यांना लोणचंवाल्या आजी म्हणायचे. वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं खाल्लेली माणसं होती ती.

नाव कुणालाच सांगता येईना.

संध्याकाळी तिने पुण्याला फोन लावला. "आई, कुणालाच माहीत नाही हो."



पलीकडे रिसीव्हर तोंडापासून थोडा लांब गेल्यासारखा वाटला, आणि पद्मिनीबाई हळू आवाजात, समजूत घालावी तशा, कुणाला तरी म्हणाल्या,

"नाही हो. त्यांच्यात कुणालाच ठाऊक नाही."

त्याच वर्षी मे महिन्यात नयना पुण्याला जाणार होती. तिकीटही काढलं होतं.

ती अजून गेलेली नाही.