डाव्या पायाचं माप

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय सुधारतोय की नाही हे मी टेपने ठरवते, मनाने नाही.

मावशीने चाळीस वर्षं नृत्य शिकवलं. पण तिचा स्वतःचा नाच रोज सकाळी सातला, दार लावून, देव्हाऱ्यातल्या कृष्णापुढे व्हायचा. तो कुणाला पाहायला मिळत नसे. कुणी फुलं वाहतं, मी पाय वाहते, असं ती म्हणायची. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, आता चाकाची खुर्चीच. तिने एवढंच विचारलं, की मग सकाळचं कसं?

मी रोज दुपारी जाऊन तिचे व्यायाम घ्यायचे. न वापरलेली पोटरी सुकतेच. पहिल्या महिन्यात एकतीस सेंटिमीटरची एकोणतीस झाली. दुसऱ्या महिन्यात टेपवर बत्तीस आलं. पाय मात्र लाकडासारखाच; टाचणी टोचली तरी हलत नव्हता. तळव्याला नवे घट्टे पडले होते, टाचेला ताज्या भेगा.

सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सातला देवापुढे खुर्ची नेऊन ठेवते आणि दार ओढून घेते. उठणं सोडाच, त्यांना कूस बदलायलाही मी लागते.

मावशीला विचारलं, तर तिला रागच आला.

"सेवा चुकवलेली नाही मी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी देव्हाऱ्याच्या खोलीत आतच थांबले. मावशी खुर्चीत, डोळे मिटलेले, ओठांवर नाचाचे बोल. मी देव्हाऱ्याकडे पाठ करून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि तिची दोन्ही पावलं हातांत घट्ट धरली.

ती हलली नाहीत.

माझ्या गुडघ्यांखालची फरशी दणकू लागली. आवाज काहीच नव्हता. नुसता दणका, ठेक्यात. मावशीच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता. मी तिचं मनगट धरलं. नाडी एकशे चाळीस.

मग तिने डोळे उघडले. श्वास खाली बसला, नाडी उतरली.

"झालं माझं," ती म्हणाली.

फरशी थांबली नव्हती.

मावशी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती.

"जरा बाजूला हो बाळा," ती हळूच म्हणाली. "त्याचं अजून चाललंय."

मी उठले नाही. उठायचं तर मागे वळावं लागलं असतं.