पंख असलेला पाऊस

"पाऊस येतोय," राखणदारानं सांगितलं.

अबोलीनं खिडकीबाहेर पाहिलं. डिसेंबरची सकाळ. घासून ठेवलेल्या परातीसारखं आभाळ लख्ख होतं.

"कुठे येतोय?"

"पूर्वेला, तलावावर. वाढतो आहे."

राखणदार म्हणजे बोरतळे विमानतळाच्या मनोऱ्यातला बोलका संगणक. रडारला जे दिसे, ते तो माणसांच्या भाषेत सांगे. त्याच्या पडद्यावर तलावापाशी खरोखरच एक हिरवा ठिपका उमटला होता. बघता बघता त्याची बांगडी झाली. ती मोठी होत गेली, मधे पोकळ. मग तिच्या आत दुसरी बांगडी उमटली. थोड्या वेळानं दोन्ही विरून गेल्या. जमिनीवर थेंबही पडला नाही.

"आठवडाभर हेच चाललंय," अबोलीची आई ललिता म्हणाली. विमानतळाची प्रमुख तीच होती. "रोज सूर्य उगवला की पाऊस! काल वैमानिक विचारत होता, छत्री आणू का म्हणून. अण्णा, उद्या दुपारी माणसं येतील आणि रडार काढून नेतील."

कोपऱ्यात चहा पीत बसलेले अण्णा म्हणजे ललिताचे वडील. लहान विमानतळांना परवडावं म्हणून निवृत्तीनंतर खपून त्यांनी हे रडार बनवलं होतं.

"राग आला का, अण्णा?" अबोलीनं हळूच विचारलं.

"छे! यंत्र खोटं बोलतंय असं वाटलं, तर प्रमुखानं ते ठेवूच नये. पण हे खोटं बोलत नाहीये. त्याला काहीतरी दिसतंय. दिसलेल्याला नाव देताना राखणदार चुकतोय."

"मग खरं नाव काय?"

"मलाही माहीत नाही. शोधू या. ललिता, उद्याची सकाळ मला दे."

आईनं मान हलवली. "एकच सकाळ हं, अण्णा."

अण्णा अबोलीला विमानांच्या शेडमागे घेऊन गेले आणि तिच्या हातात चेंडू दिला. "डोळे मिट. भिंतीवर मार. परत यायला वेळ लागला तर?"

"भिंत लांब आहे."

"लवकर आला तर?"

"जवळ आहे. एवढं कळतं हो मला!"

"मग रडार कळलं तुला. रडार रेडिओलहरींचे स्पंद (क्षणभराचे झटके) सोडतं. ते कशावर तरी आदळून परत येतात. किती वेळानं आले त्यावरून अंतर कळतं. कुठल्या दिशेनं आले त्यावरून जागा कळते. पाण्यावरून या लहरी छान परततात, म्हणून पाऊस दिसतो."

"पण पाऊस नव्हताच ना!"

"नव्हता. आता ती कापडी नळी बघ." धावपट्टीशेजारच्या खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी नळी फुगून पश्चिमेकडे ताणली होती. "पाऊस असता तर कुठे सरकला असता?"

"वारा नेईल तिकडे. पश्चिमेला." अबोली थांबली. "पण बांगडी तर चारी बाजूंना वाढली! वाऱ्याच्या उलटसुद्धा!"

"म्हणजे?"

"ते वाऱ्याचं ऐकत नाही. ते आपलं आपण उडतं!" तिचे डोळे विस्फारले. "आणि त्याच्या अंगात पाणी आहे. अण्णा, पक्षी?"

अण्णा हसले. "माझाही तोच अंदाज. पण अंदाजावर विमान उडवत नाहीत. उद्या डोळ्यांनी बघू."

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं तलावाकाठच्या बाभळींजवळ उभी होती. झाडांवर पानं कमी आणि पक्षी जास्त होते. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या हजारो भोरड्या. हिवाळ्यात ज्वारीवर तुटून पडतात त्याच. नुसता कलकलाट.

वॉकीटॉकीवर आईचा आवाज आला. "अबोली, तयार? आज रुग्णविमान आहे. एका लहान मुलीला पुण्याला न्यायचंय."

एकदम कलकलाट थांबला. मग चादर झटकावी तसा आवाज झाला.

"उडाल्या!" अबोली ओरडली.

"ठिपका उमटला," आई म्हणाली. "बांगडी झाली. वाढतेय."

"शाळा सुटल्यासारख्या पळतायत सगळीकडे!"

"म्हणून मधे पोकळ," अण्णा म्हणाले. "जागा एक, वेळ एक, दिशा सगळ्या. पुढे त्या रानात उतरतात. मग रडारच्या झोताखाली गेल्या की बांगडी विरते."

तेवढ्यात वैमानिकाचा आवाज आला. "मॅडम, थवा गेला. समोर आकाश मोकळं आहे. निघू? पोरीला उशीर नको."

इंजिनात पक्षी शिरला तर काय होतं, हे आईला माहीत होतं. उशिरानं काय होतं, हेही.

"थांबा," ती म्हणाली.

"मॅडम, समोर काही दिसत नाहीये."

"तुम्हाला नाही दिसत. रडारनं रोज दोन बांगड्या दाखवल्यात. आज एकच झालीय. अबोली, झाडं रिकामी झाली?"

"नाही! पलीकडच्या बाभळी सगळ्या भरलेल्या आहेत!"

"थांबा म्हणजे थांबा."

अबोलीनं अण्णांचा हात धरला. मग पलीकडच्या बाभळी एकदम उघड्या पडल्या आणि भोरड्यांचा मोठा थवा डोक्यावरून सळसळत थेट धावपट्टीवरून गेला.

वॉकीटॉकीवर वैमानिक बोलला. "मॅडम, आत्ता मी तिथेच असतो." त्याचा आवाज उतरला होता. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या अण्णांच्या रडारनं," आई म्हणाली. ते तिनं इतकं ठणकावून सांगितलं की वॉकीटॉकी खरखरला. अण्णा उगाचच चष्मा पुसू लागले.

दुसरी बांगडी विरली आणि विमान निघालं. दुपारी माणसं आली, तेव्हा आईनं त्यांना चहा पाजून रिकाम्या हातांनी परत पाठवलं.

संध्याकाळी अण्णा राखणदाराला नवा धडा देत होते: वाऱ्याबरोबर सरकतो तो पाऊस, वाऱ्याला न जुमानता पसरतो तो थवा.

"असं रडार प्रत्येक गावात असलं तर?" अबोलीनं विचारलं.

"भोरड्या फार लांबून येतात. वाटेतली रडारं एकमेकांशी बोलली, तर त्या पोचायच्या आधीच आपल्याला कळेल. विमानांनी थोडं थांबायचं, पक्ष्यांनी आपल्या वाटेनं जायचं. झाडं तोडायला नकोत, फटाके नकोत. पण ती जोडणी तुमच्या पिढीनं करायची."

"करीन," अबोली म्हणाली.

आई इतका वेळ पडद्याकडे बघत उभी होती. ती वळली. "अण्णा, उद्या सकाळी या खुर्चीत तुम्ही बसा. बाभळीखाली मी जाते."